मिरचीचा ठसका

हे मी अजून कोणाजवळ काढलेलं नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडते तेव्हाही हा एक विषय बाजूला ठेवूनच जोडते — जसं काही त्याला दिसतच नाही! आज तुमच्याजवळ बोलते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तरी — असू द्या. आता तोंडाशी आलंय तर येऊ द्या बाहेर.

मी आशाताई, म्हणजे गावची आशा सेविका. नाव संगीता, पण गावात नावानं कोण हाक मारतं? भडगावहून थोडं आत, गिरणेच्या काठाला आमचं गाव. कोणाला दिवस गेले, कोणाच्या बाळाचा डोस राहिला, कोणाच्या घरी तापाचं माणूस आहे, कोणाच्या पाण्याच्या टाकीत डासांच्या अळ्या झाल्या — बठ्ठं मला ठाऊक असतं. ते ठाऊक असणं हेच माझं काम. हे लक्षात ठेवा. कारण पुढे मी कुठेही 'मला माहीत नव्हतं' असं म्हणणार नाही.

आमच्या समोर अक्काचं घर. अक्का म्हणजे लीलाबाई. साठीच्या पुढची, हाडापेरानं दणकट, आणि आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं कुत्रं उठून बसेल. तिच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं मशीन आहे. उन्हाळा लागला की अर्ध्या गावाच्या बायका वाळवलेल्या मिरच्या, धणे, खोबरं घेऊन तिथे. मिरचीची पूड गल्लीत उडते म्हणून शेजाऱ्यांनी एकदा भांडण काढलं, तेव्हापासून अक्कानं खिडकीला गोणपाट ठोकून टाकलं. एकच दार, तेही अर्धं लोटलेलं. आत गेलं की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि ठसका. सगळेच खोकणार. त्या घरात खोकला ही काही बातमीच नाही.

माझी सासू — मी तिला मायच म्हणायचे — आणि अक्का, या दोघी तीस वर्षं एका ओट्यावर बसलेल्या. दुपारची भांडी झाली की माय समोर जायची. दोघी गव्हातले खडे वेचणार आणि गावाची उणीदुणी काढणार. मायचा पाय मुरगळला तेव्हा अक्कानं महिनाभर रोज येऊन तेल लावलं होतं. हे मुद्दाम सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, परक्या बाईचा काय एवढा राग धरायचा?

मग कोरोना आला. माझ्या हातात ताप बघायचं यंत्र दिलं, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र दिलं, आणि सांगितलं — घरोघर फिरा. फिरले. कालपर्यंत चहाला बसवून घेणाऱ्या बायका मला बघून दारं लावायला लागल्या. अक्का तर उंबऱ्यावरूनच हात आडवा करायची, “आठे येऊ नको व माय, तठेच उभी ऱ्हाय.” मी वळले की माझ्या पावलांवर फिनाईलचं पाणी ओतायची. ठीक आहे. भीती सगळ्यांना होती, मलाही होती. तेवढं मी सोडून दिलं असतं.

पण त्याच वर्षी ज्येष्ठात माय गेली. छातीचं जुनं दुखणं होतं तिचं. तपासणी झाली, कोरोना नाही असा स्वच्छ रिपोर्ट आला. मी तो कागद हातात धरून गल्लीत उभी राहिले — वाचा, वाचा ना! कोण वाचतंय? अक्का ओट्यावरून म्हणाली, “हाईच लयनी घरमा.” हिनंच घरात आणला. एवढंच म्हणाली. पण अक्का म्हणाली म्हणजे गल्लीनं ठरवलं. दुपारपर्यंत आमच्या दारापुढे बोरीच्या काट्या आडव्या पडल्या, शेताच्या बांधाला टाकतात तशा. कोणी टाकल्या? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अक्कानं. हाताला फडकं गुंडाळून, एकेक फांदी ओढत आणून. माझ्या लेकीला नळावरून रिकाम्या हंड्यानं परत पाठवलं. खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. आमचे हे, दीर, आणि ट्रॅक्टरची ट्रॉली — एवढीच मायची मिरवणूक.

आणि ती ट्रॉली अक्काच्या दारावरून पुढे सरकली, तेव्हा अक्कानं काय केलं माहीत आहे? कांडप सुरू केलं. तीस वर्षांची मैत्रीण दारावरून शेवटची चाललीय आणि आत धडधड धडधड मिरची कुटणं चाललंय! मी ट्रॉलीच्या मागे चालत होते. मिरची माझ्या नाकात गेली. मी शिंकत, खोकत, रडत चालले, आणि मला खोकताना बघून लोक आणखी लांब सरकले.

त्या दिवशी स्मशानातून परत येताना मी मनात बोलले — अक्का, एक दिवस तुझ्याही दारावर काट्या पडतील, आणि मी समोर उभी राहून बघेन. मोठ्यानं नाही बोलले. पण बोलले.

पुढे सगळं निवळलं. लस आली, तेव्हा अक्काला हाताला धरून केंद्रावर मीच नेलं. ती पुन्हा हाका मारायला लागली, मीही ओ द्यायला लागले. लोकांना वाटलं मिटलं. मिटलं? छे! माझ्या माहेरी सगळे म्हणतात, संगीचा राग लोणच्यासारखा मुरतो. रोज सकाळी अंगण झाडताना समोरचं ते दार दिसायचं आणि मला ती धडधड ऐकू यायची. मशीन बंद असलं तरी.

दोन-तीन वर्षं गेली आणि त्या घरात टीबी निघाला.

अक्काची सून वैशाली. गरीब पोर, तोंड वर करून बोलायची नाही. महिनाभर खोकत होती. घरात सगळे म्हणाले मिरचीचा ठसका आहे, तिनंही मान हलवली. अंगावरचं ब्लाऊज सैल झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी थुंकीची डबी दिली, सकाळचा बेडका घेतला, केंद्रात पोचवला. टीबी. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. इथपर्यंत माझं काम चोख, कोणी बोट ठेवू शकणार नाही.

टीबी कसा पसरतो हे मी किती ओट्यांवर बसून सांगितलं असेल! ताटातून पसरत नाही, कपड्यातून नाही. खोकणाऱ्याच्या तोंडातून जे उडतं ते बंद खोलीत हवेत तरंगत राहतं आणि दुसऱ्याच्या श्वासात जातं. ऊन आणि वारा असला तर टिकत नाही. गोळ्या नीट सुरू झाल्या की काही आठवड्यांत तो माणूस दुसऱ्याला देण्याजोगा राहत नाही. भ्यायचं ते गोळ्या खाणाऱ्याला नाही, न सापडलेल्याला. म्हणून तर एक सापडला की घरातलं प्रत्येक माणूस तपासायचं — ह्याला कोणी दिला, ह्यानं कोणाला दिला. हे मला पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

अक्कानं ठरवलं, सुनेला माहेरी धाडायचं. माहेर धुळ्याजवळच्या एका गावात. वैशालीची मुलगी पिऊ, चार वर्षांची — ती मात्र इथेच, आजीजवळ. पोरीच्या जिवाला धोका नको म्हणून! वैशाली माझ्याकडे बघत होती. मी म्हणायला हवं होतं, अक्का, काही गरज नाही, गोळ्या चालू आहेत, खिडकी उघडा, तोंडाला फडकं बांधा, आई आणि लेक एका घरात राहू शकतात. मी म्हटलं. एकदा म्हटलं. पण एकदा कसं म्हणायचं आणि ऐकेपर्यंत कसं म्हणायचं, यातला फरक माझ्याइतका कोणाला कळतो? अक्का म्हणाली, तुले काय कळस! आणि मी उठले. मनात म्हटलं, जाऊ दे. सून पिशवी घेऊन एसटीत बसताना गल्ली बघेल. कळू दे या घरातून काय निघालं ते.

आता तो कागद. त्याच्याभोवतीच फिरते आहे मघापासून.

टीबीचं काम बघणारे सर आले आणि मला फॉर्म दिला. म्हणाले, ताई, तुम्ही समोरच राहता, घरातल्या माणसांचं तुम्हीच विचारून भरा. तीन नावं. वैशालीचा नवरा गणेश — तो रावेरकडून केळीच्या गाड्या घेऊन जातो, घरी कमीच असतो. पिऊ. आणि अक्का. प्रत्येकाच्या नावापुढे प्रश्न — दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? होय किंवा नाही.

गणेशपुढे नाही लिहिलं, खरं होतं. पिऊपुढे नाही लिहिलं, तेही खरं होतं. अक्काला विचारलं. ती हसली आणि हसता हसता खोकली. “मिरचीना ठसका शे व, दुसरं काय!”

मिरचीचा ठसका मला कळत नाही होय? त्या गल्लीत माझी उमर गेली. मिरचीचा ठसका कोरडा असतो, शिंका घेऊन येतो, अंगणात येऊन घोटभर पाणी प्यायलं की बसतो. अक्काचा खोकला ओला होता, छातीच्या तळातून वर येणारा, मशीन बंद असतानाही. तिच्या मनगटात घट्ट बसणाऱ्या पाटल्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या. फाल्गुनाच्या उन्हात ती संध्याकाळची शाल पांघरून बसायची. मी गेले दोन महिने ते बघत होते. वैशाली त्या घराबाहेर पाऊल टाकत नव्हती, मग तिला दिला कोणी? मला कोणी सांगायला लागत नव्हतं.

थुंकीची डबी माझ्या पिशवीत होती. हात घालायचा अवकाश.

मी अक्काच्या नावापुढे 'नाही' लिहिलं.

अक्षर छान आहे त्या फॉर्मवरचं. मला वाटलं, हिला मी का वाचवू? मायच्या वेळी हिनं काय केलं? खोक. खूप खोक. एक दिवस ओट्यावर रक्ताची गुळणी टाकशील, अख्खी गल्ली बघेल, मग येतील तुझ्या दारावर काट्या. मी तिला मारायला निघाले नव्हते — असं म्हणू का? नाही म्हणणार. मला तिची भीती बघायची होती. ती पदरानं तोंड झाकून, लोकांची नजर चुकवत गल्लीतून चाललेली बघायची होती. आणि त्यातून मरण आलं असतं तर तेही मला चाललं असतं.

मग उन्हाळा आला. कांडप जोरात. गोणपाट लावलेल्या त्या खोलीत दिवसभर बायका बसायच्या, अक्का मधोमध, खोकत, हसत, गोष्टी सांगत. एकीच्याही मनात शंका नाही, कारण तिथे सगळ्याच खोकत होत्या. मी मात्र माझ्या मिरच्या त्या वर्षी दुसऱ्या गल्लीत कांडून आणल्या. आमचे हे म्हणाले, एवढ्या लांब कशाला? मी म्हटलं, तिथे बारीक कुटतात.

तुम्ही विचाराल, आणि ती पोर? हां. विचारा. विचारायलाच हवं.

घरात टीबी निघाला की लहान मुलांना तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात. पिऊच्या गोळ्या आल्या होत्या. मी अक्काच्या हातात दिल्या. आठवड्यानं अक्का म्हणाली, पोर उलटी करते, “बऱ्या पोरले कसाले औषध?” आणि बंद केल्या. दुसरं कोणतंही घर असतं तर मी ठाण मांडून बसले असते. गुळात घालून चारलं असतं, बापाला फोन लावला असता, सरांना बोलावलं असतं. मी किती घरी असं केलंय! पण अक्काच्या उंबऱ्यावर जाऊन विनवण्या? मी? ज्या घरानं मायच्या ट्रॉलीला पाठ दाखवली, त्या घरी? मी म्हटलं, तुमची मर्जी. आणि आले निघून.

श्रावणातली दुपार. मी डासांच्या सर्व्हेला निघाले होते, घरोघरच्या टाक्या आणि कूलर बघत. अक्काचं दार लोटलेलं होतं. हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून आत डोकावले. मशीन बंद. गोणपाटामुळे खोलीत अंधारलेलं. खाली गोधडीवर अक्का झोपलेली आणि तिच्या दंडावर डोकं ठेवून पिऊ. पोरीचं तोंड अक्काच्या मानेजवळ, इतकं जवळ की दोघींचा श्वास एकच झालेला. अक्का झोपेत खोकली. तोंड वळवलं नाही तिनं, झोपेत कोण वळवतं? त्या खोकल्यानं पोरीच्या कपाळावरची केसांची बट हलली.

मी ते पाहिलं.

एवढंच करायचं होतं — वाकून पोर उचलायची. किंवा अक्काला हलवून उठवायचं आणि पिशवीतली डबी तिच्या हातात द्यायची. किंवा नुसतं ते गोणपाट ओढून फाडायचं, वारा तरी आला असता. यातलं एकही अवघड होतं का? दारात उभी राहून मला सगळं कळत होतं. कुठून निघतं, कुठे जातं, लहान जिवाचं काय करतं. आणि त्याच वेळी डोक्यात काय चाललं होतं सांगू? मी अक्काची मनगटं बघत होते. पाटली आता अगदी कोपराशी गेली होती. मला वाटलं, आता फार दिवस नाहीत.

मी कागदावर लिहिलं, टाकीत अळ्या नाहीत. घरी आले. भाकरी टाकल्या. जेवले, आणि चांगली झोप लागली मला दुपारची.

पोळ्याच्या आधी पिऊला ताप भरला. गावातल्या डॉक्टरनं औषध दिलं, उतरला, पुन्हा चढला. उलट्या सुरू झाल्या. उजेडाकडे बघेना, कोणी उचललं की किंचाळायची. अक्कानं मला हाक मारली. मी पोरीच्या मानेखाली हात घातला तर मान वाकेना. तेव्हा मात्र मी धावले. खरंच धावले, पायात चप्पल नव्हती. गणेश घरीच होता. त्याच्या गाडीतून भडगाव, तिथून धुळ्याचा मोठा दवाखाना. पोर माझ्या मांडीवर होती आणि अक्का शेजारी, पदराचा बोळा तोंडात कोंबून.

तिथे पोरीच्या पाठीतून पाणी काढलं. डॉक्टर म्हणाले, टीबी मेंदूपर्यंत गेलाय. मग विचारलं, घरात कोण खोकतं? आणि नेमकी अक्का खोकली. तिथे मिरची नव्हती. फरशी स्वच्छ, खिडक्या उघड्या, आणि तिचा तो ओला खोकला त्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सगळ्यांनी वळून बघितलं. डॉक्टरांनी तिथेच तिची थुंकी घेतली. रिपोर्ट आला — टीबीच्या जंतूंनी भरलेला.

डॉक्टर माझ्याकडे वळले. आईचं निदान झालं तेव्हा घर तपासलं नव्हतं का? माझ्या पिशवीत त्या फॉर्मची झेरॉक्स होती. मी काढून दाखवली. म्हटलं, तपासलं होतं साहेब, तेव्हा यांना खोकला नव्हता. त्यांनी कागद बघितला, माझी सही बघितली, आणि परत दिला. अक्का बाजूलाच उभी होती. ती तरी बोलेल असं वाटलं मला. पण ती काय बोलणार? तिचं स्वतःचं म्हणणं होतं ना, मिरचीचा ठसका!

तेवढ्यात वैशाली आली, भावाच्या मोटारसायकलवरून. तिच्या गोळ्या संपत आल्या होत्या. गाल भरले होते, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. सहा महिने पोरीला बघितलं नव्हतं तिनं, पोरीला काही होऊ नये म्हणून. डॉक्टरांनी तिला बसवून सांगितलं — बहुतेक आजीपासून तुला, आणि आजीपासूनच मुलीला. अक्कानं ते ऐकलं. मी इतक्या वर्षांत तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती भिंतीला धरून खाली बसली आणि कपाळ बडवायला लागली, “मीच खादी व मनी नात! मीच खादी!”

मी पाण्याची बाटली घेऊन तिच्या शेजारी उभी होते. आता जे सांगते ते सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगते. मला बरं वाटलं. आत कुठेतरी, छातीच्या मधोमध, गार वाटलं. चार वर्षांची पोर आत नळ्या लावून पडलेली, तिची आई दाराच्या काचेला गाल लावून उभी — आणि मी मनात म्हणत होते, आता? आता कसं वाटतंय अक्का? किती वेळ वाटलं ते? एक घटका? दोन? मोजलं नाही. पण वाटलं, आणि ते मी दाबलं नाही, चघळलं.

पोर वाचली. वाचली म्हणजे — जिवंत आहे. डावा हात मुठीत वळलेला असतो, डावा पाय ओढते. पूर्वी दिवसभर पोपटासारखी बोलायची. आता आई आणि पाणी, एवढे दोन शब्द उरलेत. हाक मारली तर वळत नाही. समोर जाऊन हात हलवला तर हसते. वैशाली परत आली, ती आता तिला कडेवरच घेऊन असते. पोर मोठी व्हायला लागली तशी आईची कंबर वाकायला लागली.

आणि अक्का? ठणठणीत! तिच्या गोळ्या माझ्याच हातून झाल्या. सहा महिने रोज सकाळी तिच्या उंबऱ्यावर मी उभी, ती गोळी गिळणार, तोंड उघडून दाखवणार. पाटल्या पुन्हा मनगटावर आल्या. काट्या कोणी टाकल्या नाहीत तिच्या दारावर. उलट शेजारणी डबे घेऊन गेल्या, बिचारी म्हातारी, पोरीचं असं झालं म्हणून. माझ्या दारावर काट्या आणि तिच्या दारात डबे! अजूनही ते आठवलं की माझं रक्त उसळतं. बघा, एवढं सगळं होऊनसुद्धा उसळतं. मी तुम्हाला खोटं का सांगू?

त्यानंतर मी काम मात्र झपाटून केलं. ते गोणपाट स्वतःच्या हातानं उचकटलं. कांडपावर येणाऱ्या एकूणएक बाईची तपासणी करवून घेतली. त्यातल्या दोघींना टीबी निघाला. दोघींच्या घरी रोज जाऊन गोळ्या दिल्या, त्यांच्या लेकराबाळांना वेळच्या वेळी औषध चारलं, उलटी केली तर पुन्हा चारलं. सर म्हणाले, ताई, असं काम कोणी करत नाही. त्या दोघींपर्यंत तो पोचला कसा, हे त्यांना ठाऊक नाही. तो फॉर्म कुठल्याशा फायलीत बांधून ठेवलेला आहे. कोणी उघडणार नाही.

या वर्षी ग्रामपंचायतीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हार. वैशाली पिऊला घेऊन आली होती. तिनं पोरीला खाली ठेवलं आणि माझ्या पायाला हात लावला. म्हणाली, ताई, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून माझी पोर आज आहे. मी तिला पाया पडू दिलं. पाय मागे घेतले नाहीत.

मग अक्का उठली. सगळ्यांसमोर, माइक नको म्हणाली, तिला माइक लागतच नाही. माझ्यापुढे येऊन हात जोडले. ती मोठी, मी लहान. आमच्याकडे मोठ्यांनी लहानांपुढे हात जोडलेले मी कधी बघितले नाहीत. “संगीता, तुनी सासू गई तवय मनी मोठी चूक व्हयनी. माफ कर माले.” पिऊ खाली बसून माझ्या शालीच्या झालरीशी खेळत होती. माझ्या जिभेवर होतं, अगदी टोकाला — अक्का, त्या कागदावर मी... एवढी माणसं होती, सर होते, वैशाली होती. त्याहून चांगली वेळ कधी येणार होती?

मी अक्काचे जोडलेले हात धरले, तिला छातीशी घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “जाऊ द्या अक्का. मी तुम्हाला कधीच माफ केलं.”

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांचंही तोंड उजळलं. आणि आता गल्लीत दोन घरांचं बिनसलं की म्हातारीकोतारी समजूत घालताना माझं नाव घेतात — संगीताताईसारखं मन मोठं ठेवा, म्हणतात.